शंभर सरक्या

मानवतच्या मोंढ्यामागच्या गल्लीत एक डॉक्टर होते. ते दर दोन-तीन महिन्यांनी बांगड्यांच्या दुकानात जाऊन लाल नखपॉलिशची बाटली घेऊन यायचे. घरात बाईमाणूस नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक लांब शहरात. तेव्हा दुकानदारानं गिऱ्हाइकांना सांगितलं, गिऱ्हाइकांनी गल्लीला सांगितलं आणि गल्लीनं समजायचं ते समजून घेतलं. हे डॉक्टरांच्या कानावर आलं. पुढच्या खेपेला ते दुकानदाराला म्हणाले, "आता एक हिरवी पण द्या. एकाच रंगावर लोक किती दिवस बोलतील?"

ती नखपॉलिश सरकीला, म्हणजे कापसाच्या बियांना लागायची. हे मला पक्कं माहीत होतं, कारण लावणारी मी होते.

मी त्यांच्या दवाखान्यात नऊ वर्षं होते. सकाळी झाडायचं, फडकं मारायचं, माठ भरायचा आणि दारात उभं राहून नंबर पुकारायचा. हे शेवटचं काम मला जमायचं नाही. माझा आवाज माणसांपुढे निघतच नाही. मी 'बारा नंबर' म्हटलं की बारा नंबरवाला शेजाऱ्याशी बोलत बसलेला असायचा आणि तेरावा उठून आत जायचा. डॉक्टर आतून म्हणायचे, "बाई, पुकारलंत का मनात म्हणालात?" पण ते काम काढून त्यांनी दुसऱ्याला दिलं नाही. पुढे मी नंबर पाटीवर लिहून पाटी वर धरायला लागले. चौथीपर्यंतची शाळा तिथं कामाला आली.

आज हे लिहायला बसले त्याला कारण आहे. माझ्या गळ्याला गाठ आहे. जुनीच आहे, पण आता वाढली. उताणं झोपलं की श्वास कोंडतो, तीन उशा लावून टेकून झोपावं लागतं. परभणीचे सर्जन म्हणाले, आता ऑपरेशन केलेलं बरं. पण गाठीला लागूनच आवाजाच्या नसा जातात, त्यांना धक्का लागला तर आवाज बसू शकतो. सोमवारपर्यंत विचार करून सांगा. मानवतचे डॉक्टर आता नाहीत. त्यांचा सरकीचा डबा माझ्या फळीवर आहे. तो उघडायच्या आधी त्यांना एकदा नीट आठवून घ्यावं असं वाटलं, म्हणून नातीची अर्धी उरलेली वही घेतली आहे.

डॉक्टरांची रीत अशी. पेशंटला तपासायचे, कागद बघायचे आणि मग कपाटातून दोन पितळी ताटं काढायचे. सर्दी-तापाला नाही. जिथं दोन वाटा असतील तिथंच. ऑपरेशन करावं का थांबावं, जन्मभराची गोळी सुरू करावी का नको, असं काही असलं की ताटं निघायची. एकेका ताटात शंभर सरक्या, जिनिंगमधून आणलेल्या, कापूस पार खरवडून काळ्या केलेल्या.

"या ताटात तुमच्यासारखी शंभर माणसं बसली आहेत असं धरा," ते म्हणायचे. "तुमच्या वयाची, तुमच्याच दुखण्याची. या सगळ्यांनी ऑपरेशन करून घेतलं." मग मोजून काही काळ्या उचलायचे आणि तेवढ्याच लाल टाकायचे. "यांना असा असा त्रास झाला." दुसऱ्या ताटातली शंभर माणसं काही न करता घरी बसलेली. त्यातही लाल पडायच्या. लोकांना नवल त्याचंच वाटायचं. घरी बसण्यातही लाल असते हे कोणी धरलेलंच नसायचं.

आणि कुणाचं पुढे काय होईल हे डॉक्टरांनाच सांगता येत नसलं, तर ते कापूस न काढलेली सरकी टाकायचे. "हिच्या आत काय आहे ते मला माहीत नाही. अजून कोणालाच माहीत नाही." पेशंट त्या पांढऱ्या सरकीकडे फार संशयानं बघायचे. डॉक्टर असून माहीत नाही म्हणतो, म्हणजे काय.

मी एकदा सरक्या रंगवता रंगवता विचारलं होतं, किती लाल टाकायच्या हे तुम्हाला कसं कळतं. दुपारी दवाखाना रिकामा झाला की ते भिंग घेऊन जाडजूड पुस्तकं वाचत बसायचे, त्याकडे बोट करून म्हणाले, "ज्यांनी मोजलं त्यांच्याकडून आणतो. मी नुसता हमाल."

लाल टाकून झाल्या की ते दोन्ही ताटं पेशंटपुढे सरकवायचे, हात काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "माहिती माझी झाली. आता मर्जी तुमची."

इथून पुढे भांडण सुरू व्हायचं.

पालमहून आलेला एक जण म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आमाला कळत असतं तर बसमदी उभ्यानं इथपोतर कशाला आलो असतो?"

"तुम्हाला काय कळत नाही?"

"काय करावं ते."

"तुम्हाला काय आवडतं, कशाविना तुमचं चालत नाही, ते कळतं का?"

"ते कळतंय की."

"मला ते कळत नाही. म्हणून तुम्हाला विचारतोय."

"म्हंजी मी तुमाला विचारायला आलो, अन् तुमी मलाच विचारायलाव?" असं म्हणून तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी पुढच्या नंबरची पाटी वर धरली.

"तुमी माझ्या जागी असता तर काय केलं असतं" असं कोणी विचारलं की डॉक्टर चिडायचे. "मी तुमच्या जागी असतो तर लोणचं सुटणार म्हणून आधी रडलो असतो. तुम्ही लोणचं खाता का?" "न्हाई." "मग झालं. माझा तुम्हाला काय उपयोग?" पण कोणी खरंच थकलेलं असलं, डोळ्यांत पाणी आणून "तुमीच सांगा" म्हणालं, तर त्याला ते दुसऱ्या दिवशी परत बोलवायचे. दुसऱ्या दिवशीही ते माणूस तेच म्हणालं, तर मात्र सरळ सांगून टाकायचे. "दुसऱ्यानं ठरवावं हीसुद्धा एक मर्जीच असते," म्हणायचे.

नातेवाइकांचं आणि त्यांचं जमायचं नाही. एका देवळाचे पुजारी आले होते. दोन्ही गुडघे गेलेले. बरोबर थोरला मुलगा, शाळेत मास्तर. डॉक्टर विचारायचे पुजाऱ्यांना आणि उत्तर द्यायचे मास्तर. "अण्णांना पायऱ्या चढवत नाहीत." "अण्णांना झोप नाही." डॉक्टर उठले, खाली बसून त्यांनी मास्तरांचा पाय हातात घेतला, गुडघा दाबून, वाकवून पाहिला. म्हणाले, "तुमचा तर चांगला आहे. तुम्ही बाहेर बसा."

मग अण्णांना म्हणाले, "नवीन गुडघे बसवले तर दुखणं बहुतेक जाईल. पण मांडी घालून खाली बसणंही बहुतेक सुटेल. दिवसाकाठी मांडी घालून किती वेळ बसता?"

"पूजेला बसतो की. दोन तास."

"खुर्चीवर बसून केली तर?"

"देवापुढं खुर्चीत?"

"चालत नाही का?"

"कधी विचारलं न्हाई देवाला."

"मग विचारून या. देवाचं ताट माझ्याकडे नाही."

अण्णा आठ दिवसांनी आले ते हसतच. म्हणाले, "विचारलं. तो बी इतकी वर्षं उभाच हाय की. म्हणला, तू पण उभ्यानं कर." आणि गुडघे बदलून घेतले. देवळात आता पूजेचं सगळं सामान कमरेइतक्या उंच चौथऱ्यावर आहे. मी बघून आले.

गल्लीत कोणीतरी उठवलं होतं की या डॉक्टराकडे साप चावलेला माणूस नेला तरी तो आधी ताट काढतो. हे खोटं आहे. साप चावलेला माणूस खरंच आला होता. डॉक्टरांनी त्याला एका शब्दानं काही विचारलं नाही. रस्त्यातली जीप थांबवली, त्याला आडवा घातला आणि स्वतः बरोबर बसून मोठ्या दवाखान्यात पोचवून आले. परतल्यावर मी धाडस करून विचारलं, "ताट न्हाई काढलं?" तर म्हणाले, "बाई, वाट एकच असली की चौकात उभं राहून रस्ता विचारत बसायचं नसतं."

आता माझी चूक लिहिते. ती लिहिल्याशिवाय डॉक्टर कळायचे नाहीत.

गंगाखेडकडची एक म्हातारी आली होती, एकटीच. पित्ताच्या पिशवीत खडे. अधूनमधून पोट दुखायचं. ऑपरेशन आत्ता करावं का अजून थांबावं, असा प्रश्न होता. ताटातल्या लाल सरक्या बघून ती बिचकली. वाकून बघायची, परत मागे सरायची. डॉक्टर हात धुवायला आत गेले. मला राहवलं नाही. टेबल पुसायच्या निमित्तानं मी ऑपरेशनच्या ताटातल्या दोन लाल उचलल्या आणि मुठीत धरल्या. म्हातारीनं परत वाकून पाहिलं. म्हणाली, "एवढ्याच हायेत व्हय? मग टाका करून." मला फार बरं वाटलं. पुण्य लागल्यासारखं.

म्हातारी चिठ्ठी घेऊन बसस्टँडकडे गेली. डॉक्टर दर वेळी ताट आवरताना सरक्या मोजायचे. या वेळी अठ्ठ्याण्णव भरल्या. परत मोजल्या. टेबलाखाली वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी मूठ उघडली.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चपला घातल्या, ते ताट सरळ हातात घेतलं आणि चालायला लागले. बाहेर वीस पेशंट बसलेले. "मूठ मिटा आणि या," मला म्हणाले. भर मोंढ्यातून पुढे डॉक्टर पितळी ताट घेऊन आणि मागे मी मूठ आवळून. हमाल पोती टेकवून बघायला लागले. एकानं विचारलं, "डॉक्टरसाहेब, कोणाकडं हळदी-कुंकू?"

"गंगाखेडच्या बसमध्ये," डॉक्टर म्हणाले.

बस सुटायच्या बेतात होती. डॉक्टर चढले. म्हातारी खिडकीशी बसली होती. तिच्या मांडीवर त्यांनी ताट ठेवलं आणि मला म्हणाले, "जिच्या काढल्या तिच्यापुढे ठेवा." सगळी बस माझ्याकडे बघत होती. मी घाईनं लाल सरक्या ठेवायला गेले तर एक घरंगळून सीटखाली गेली. ती कंडक्टरनं वाकून शोधून दिली.

म्हातारी मला म्हणाली, "उचलताना मी बघितलं होतं गं. मला वाटलं, तुमच्यात तशीच रीत असंल. डॉक्टर वाढतो, बाई उतरवती."

डॉक्टरांना हसू येत होतं, ते त्यांनी दाबलं. "आई, आता बघून सांगा. खऱ्या एवढ्या आहेत."

म्हातारीनं ताट जवळ ओढून एकेक लाल बोटानं मोजली. मग म्हणाली, "लेकीचं बाळंतपण हाय दिवाळीला. माझ्याबिगर कोणी न्हाई तिला. दोन कमी होत्या तवा वाटलं, जाईल निभावून. आता वाटायलंय, आधी तिचं उरकावं, मग माझं."

"बरं. पण थांबण्याच्या ताटात पण लाल होत्या, ध्यानात आहे ना? पोट जोरात दुखलं, ताप आला, डोळे पिवळे झाले, की त्याच दिवशी यायचं."

"येते की."

कंडक्टर म्हणाला, "डॉक्टरसाहेब, सोडू का गाडी?"

"आईंना विचारा."

"सोड बाबा," म्हातारी म्हणाली.

परत येताना डॉक्टर मोंढ्यापाशी थांबले. मग म्हणाले, "तुम्हाला दया आली, ते ठीक. पण दोन सरक्या काढल्यात म्हणजे तिचं तुम्ही ठरवून टाकलंत. तिच्या लेकीचं बाळंतपण तुम्हाला माहीत होतं का?"

"न्हाई."

"मलाही नव्हतं," डॉक्टर म्हणाले.

दिवाळीनंतर म्हातारी नातवाचे पेढे घेऊन आली आणि तिनं ऑपरेशन करून घेतलं. पेढे वाटताना माझ्या हातावर दोन जास्त ठेवले. म्हणाली, "तू उचलतीस, म्हणून आधीच घातले."

माझ्या गळ्याकडे पहिल्यांदा लक्ष गेलं तेही डॉक्टरांचंच. मी माठापाशी पाणी पीत होते, तेव्हा त्यांना गाठ वर-खाली होताना दिसली. परभणीला पाठवून सुईची तपासणी केली. वाईट काही निघालं नाही. श्वासाला त्रास नव्हता. काढावी का थांबावं, दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. म्हणून ताटं निघाली, आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला या वेळी मी बसले. मालक, म्हणजे माझे घरधनी, बरोबर आले होते.

डॉक्टर आवाजाचं सांगायला लागले तसे मालक म्हणाले, "काढून टाका की. आवाजाचं काय एवढं? हिचा आवाज गेला तर शेजाऱ्याला बी कळायचं न्हाई." दारातले लोक हसले. मीही हसले. अशा वेळी मी हसते.

"पाहुणे, तुम्ही जरा बाहेर बसा," डॉक्टर म्हणाले. दार लावून घेतलं. "बाई, आवाज तुम्हाला कशाला लागतो? नंबर पुकारायला लागत नाही, ते आपण दोघांनी बघितलंय."

मी पदराचं टोक बघत बसले. डॉक्टरांना घाई नसायची. शेवटी मी म्हणाले, "शेळ्यांला."

"शेळ्यांना काय?"

"हाक."

आमच्या घरी शेळ्या आहेत. मालक त्यांना कालव्याच्या कडेनं चारतात. दिवसभर शेळ्या त्यांच्याबरोबर असतात, पण संध्याकाळी घरी निघायचं म्हटलं की त्यांचं ऐकत नाहीत. बाभळीवर पुढचे पाय टेकून पाला ओरबाडत राहतात. मालक ओरडतात, ढेकळं फेकतात, काही उपयोग नाही. मग मी बांधावर उभी राहून हाक देते. ती हाक माझ्या सासूबाईंची. खालून सुरू होते आणि शेवटी एकदम वर चढते. ती वर चढली की सगळ्या माना एकदम वळतात. माणसांत मला बोलता येत नाही, पण तिथं मला बोलता येतं. हे मी डॉक्टरांना एवढं सगळं सांगितलं नाही. तुटक तुटक सांगितलं. ते त्यांनी जोडून घेतलं.

"मारून दाखवा," ते म्हणाले.

"इथं?"

"इथंच."

"मला न्हाई जमायचं."

डॉक्टरांनी खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून बसले. "मी कॅलेंडर बघतोय. तुम्ही दवाखान्यात नाही, बांधावर आहात." मग खरंच कॅलेंडर वाचायला लागले. "उद्या चतुर्थी आहे. परवा काही नाही. शनिवारी..."

मी डोळे मिटून हाक दिली.

बाहेरचं बोलणं पार बंद झालं. रस्त्यावर खांबाला कोणाची तरी शेळी बांधली होती, तिनं उलट उत्तर दिलं. मग मालकांचा आवाज आला, कोणाला तरी सांगत होते, "माझीच हाय ती." शेळीचं म्हणत होते का माझं, ते मी अजून विचारलेलं नाही.

डॉक्टर खुर्ची वळवून ताटाकडे बघत बसले. "हा आवाज मी धरलाच नव्हता," म्हणाले. "मी बोलण्याचा आवाज धरला होता. वर चढणाऱ्या आवाजाची नस वेगळी असते. ती दुखावली तर माणूस बोलतो, पण वर जाता येत नाही." त्यांनी आणखी काही लाल टाकल्या. मग थोडं थांबून कापसाच्याही टाकल्या.

"या कशाच्या?"

"ऑपरेशननंतर पेशंट बोलतो का, हे लोकांनी मोजलेलं आहे. शेळ्या येतात का, हे कोणी मोजलेलं नाही."

किती लाल होत्या ते मी लिहीत नाही. एकाचं ताट दुसऱ्याला वाढू नये, असं डॉक्टर म्हणायचे. ते माझ्या त्या वेळच्या गाठीचं ताट होतं.

मी म्हणाले, "थांबते." डॉक्टरांनी काळा दोरा माझ्या गळ्याभोवती धरला, जिथं टोक आलं तिथं गाठ मारली आणि दोरा मला दिला. वर्षातून दोनदा, संक्रांतीला आणि नागपंचमीला, गळ्याला लावून बघायचा. वर्षाला एकदा सोनोग्राफी. दोरा पुरेनासा झाला, श्वास अडला किंवा आवाज घोगरा झाला, की थांबणं संपलं. "थांबणं म्हणजे विसरणं नव्हे," म्हणाले.

त्यानंतर दवाखान्यात गर्दी झाली की ते आतून म्हणायचे, "बाई, बांधावरून पुकारा." मी कधी पुकारलं नाही. पाटी वर धरायची.

पुढे त्यांचे हात कापायला लागले. सरकी उचलली की निसटायची. लेक न्यायला आली, आठ दिवस राहिली, रोज म्हणायची, चला. एका दुपारी मी आत गेले तर डॉक्टर दोन रिकामी ताटं पुढे घेऊन बसले होते.

"सरक्या देऊ का?" मी विचारलं.

"नको. माहिती सगळी आहे. मर्जी सापडत नाही."

मी म्हणाले, "तुमाला काय आवडतं?"

त्यांनी एक ताट उलटं करून पाहिलं. मग म्हणाले, "फार अवघड प्रश्न आहे हो हा. मी लोकांना किती सहज विचारायचो."

जाताना डबा मला दिला. "वर्षातून एकदा रंग द्या, टवके उडतात," म्हणाले. दोन वर्षांनी लेकीकडेच ते गेले.

या संक्रांतीला दोरा पुरला नाही. उशाही एकाच्या तीन झाल्या. मागच्या आठवड्यात आम्ही दोघं परभणीला गेलो. सर्जन तरुण आहेत. त्यांचं सांगून झालं तसं मी विचारलं, "शंभरातल्या किती बायांना?" मालक माझ्याकडे बघत राहिले. सर्जननी सांगितलं. मी परत विचारलं, "आन वरचा आवाज?"

"म्हणजे?"

"हाक. शेळ्यांची."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बरं झालं सांगितलंत. ती नस मी मुद्दाम जपेन. तरी खात्री नाही देता येत."

कापसाची सरकी, मी मनात म्हणाले.

इथवर सकाळी लिहिलं होतं. आता दिवस कलला आहे. मधल्या वेळेत जे झालं तेवढं लिहून वही मिटते.

दुपारी डबा उघडला. पितळी ताटं माझ्याकडे नाहीत, दोन स्टीलची घेतली. शंभर इकडे, शंभर तिकडे. सर्जननी सांगितल्याप्रमाणे लाल टाकल्या. थांबण्याच्या ताटात या वेळी लालच लाल झाल्या, पहिल्यासारखं ते राहिलं नाही. ऑपरेशनच्या ताटात थोड्या, आणि चार कापसाच्या. मग शेळ्यांचं संध्याकाळचं पाणी भरून ठेवायला बाहेर गेले. परत आले तर शेळ्या कालव्याकडे सोडून जेवायला आलेले मालक उंबऱ्यापाशी बसून लिंबाच्या झाडाकडे बघत होते.

मी सवयीनं सरक्या मोजल्या. ऑपरेशनच्या ताटात नव्व्याण्णव. परत मोजल्या. लाल एक कमी.

"अवो," मी म्हणाले.

"काय?"

"एक सरकी कमी हाय."

"कोंबडीनं नेली असंल."

"लाल निवडून?"

मालक लिंबाकडेच बघत होते. मग बंडीच्या खिशात हात घालून त्यांनी सरकी काढली. "तू घाबरशील म्हणून काढली."

"मी न्हाई घाबरले."

"मग मी घाबरलो म्हण."

मला गंगाखेडची बस आठवली. म्हातारीनं मला रागावून काही म्हटलं नव्हतं. मीही म्हणाले नाही. "जिची काढली तिच्यापुढं ठेवा," एवढंच म्हणाले. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. त्यांनी सरकी ताटात ठेवली, हलक्या हातानं, अंडं ठेवावं तशी.

मग दोन्ही ताटांकडे बघत म्हणाले, "तुझं काय म्हणणं हाय?"

आमच्या लग्नाला तीसच्या वर वर्षं झाली. हे त्यांनी आज विचारलं.

"ऑपरेशन करायचं," मी म्हणाले. "मला उताणं झोपायचंय."

"आन शेळ्या?"

मी सरक्या डब्यात भरल्या आणि त्यांना घेऊन बांधावर गेले. शेळ्या कालव्याच्या बाजूला बाभळीखाली होत्या. "हाक तुमी मारा," म्हणाले. "खालून सुरू करा. शेवटाला वर चढवा."

"मी? लोक काय म्हणतील?"

"लोक न्हाईत हितं. मीच हाय." मग मी कालव्याकडे तोंड करून, त्यांना पाठमोरी उभी राहिले. "मी पण न्हाई. मी शेळ्यांकडं बघायलेय."

मागे बराच वेळ नुसतं खाकरणं चाललं होतं. मग हाक आली. खालून बरी निघाली, वर चढता चढता फाटली. चौदा शेळ्यांतल्या एकीनं मान वळवली, बघितलं आणि परत पाल्याला लागली.

"वळल्या का?" मालकांनी विचारलं.

"चौदातली एक."

"बस झालं का तेवढं?"

"न्हाई," मी म्हणाले. "परत मारा."